कोर्ट फी आणि न्यायालयाची इमारत : पार्श्वभूमी

दावा दाखल करताना पक्षकार जे शुल्क भरतो त्यातूनच न्यायालयांच्या नव्या इमारती उभाराव्यात, ही सूचना वरवर बिनतोड वाटते; तिची सगळी गुंतागुंत मात्र ‘शुल्क’ या शब्दात आहे. मराठवाड्यात १३२४ फसलीचा, म्हणजे इसवी १९१४-१५ च्या सुमाराचा, हैदराबाद संस्थानचा कोर्ट फी कायदा होता आणि पुढे त्याची जागा १९५९ च्या मुंबई कायद्याने घेतली, एवढे येथे पुरे.

खरा पेच १९७२ च्या निकालाचा आहे. कोर्ट फी हा कर नसून शुल्क आहे, म्हणून जमा होणारी रक्कम आणि दिवाणी न्यायदानाचा खर्च यांत ढोबळ का होईना मेळ हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवले. इमारत हा न्यायदानाचाच खर्च आहे, असे त्यावरून म्हणता येते. परंतु एकाच इमारतीत फौजदारी न्यायालयेही बसतात, आणि गुन्ह्यांच्या न्यायदानाचा भार दिवाणी पक्षकाराने का उचलावा, हा प्रश्नही त्याच निकालातून निघतो. सर्वोच्च न्यायालयाच्याच १९८८ च्या निकालाने काटेकोर हिशेबाची अपेक्षा सोडून दिली आणि दाव्याच्या मूल्यावर होणारी आकारणी वैध ठरवली. सरकारांना मोकळीक मिळाली ती येथे. महाराष्ट्रात शुल्काची कमाल मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये ३ लाखांवरून १० लाख रुपयांवर गेली.

या वाढीची झळ मराठवाड्यात कोणाला बसते, हे भूसंपादनाच्या अपिलांत दिसते. वाढीव मावेजा (जमिनीची भरपाई) मागणाऱ्या शेतकऱ्याला मंजूर रक्कम आणि मागणी यांतील फरकावर शुल्क भरावे लागते. साहजिकच ऐपत नसलेला माणूस आपली मागणीच आखडती घेतो. अर्जाला चिकटवलेल्या स्टॅम्पावरील चित्र पंचने छेदायचे, रकमेचा आकडा शाबूत ठेवायचा आणि निघालेली टिकली नष्ट करायची, इतका बारीक नियम १८७० च्या कायद्यापासून आहे. पैसा मात्र राज्याच्या एकत्रित निधीत मिसळतो आणि त्यातून त्याच तालुक्यात एखादी भिंत उभी राहिली की नाही, हे कोणत्याच नोंदीवरून सांगता येत नाही. इमारतींना पैसा मिळतो तो राज्याच्या अंदाजपत्रकातून आणि १९९३-९४ पासूनच्या केंद्रपुरस्कृत योजनेतून. तिच्यात २०१५-१६ पासून बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आहे.

स्वतंत्र निधी राखूनही हमी मिळतेच असे नाही. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये शुल्क आणि दंड वाढवून ५ अब्ज डॉलरपर्यंतच्या न्यायालय-बांधकामाची तरतूद केली. पुढे अंदाजपत्रक तुटीत गेल्यावर त्यातला पैसा दुसरीकडे वळला आणि कित्येक कामे रखडली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या विस्तारित इमारतीचे उद्घाटन झाले. देशातील २६ टक्के न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही, हे तत्कालीन सरन्यायाधीशांनी त्याच व्यासपीठावरून सांगितले आणि पायाभूत सुविधांसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची मागणी केली. मुख्यमंत्री आणि उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती यांच्या एप्रिल २०२२ च्या संयुक्त परिषदेत त्यावर एकमत झाले नाही. राज्य पातळीवरील यंत्रणांवर तडजोड झाली.