पटकीचा जिवाणू: वर्गवारी कशी घडली, कुठे अडली

व्हिब्रिओ कॉलरी हा स्वल्पविरामासारखा वाकडा, एका टोकाला एकच कशाभिका (पोहण्याचा शेपटीसारखा तंतू) असलेला, झपाट्याने पोहणारा जिवाणू. फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ मध्ये फ्लॉरेन्सला पटकीने दगावलेल्यांच्या आतड्यांत तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रोगाचे मूळ दूषित हवेत शोधणाऱ्या त्या काळाने त्यांची दखल घेतली नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात त्याची शुद्ध वाढ मिळवली आणि श्रेय त्यांच्याकडे गेले.

पुढची अडचण अशी की नद्या-खाड्यांच्या पाण्यात हुबेहूब असेच, पण पटकी न करणारे व्हिब्रिओ भरपूर सापडत. १९३५ मध्ये गार्डनर आणि वेंकटरमण यांनी पेशीच्या बाह्य आवरणावरील शर्करा-साखळीनुसार, म्हणजे ओ-अँटिजेननुसार गट पाडले. ओ-१ च्या अँटिसीरमने (त्या गटाची प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाने) जिवाणूंच्या गुठळ्या झाल्या तर पटकीचा, नाहीतर नव्हे, हा सोपा नियम रूढ झाला. सिनाईतील एल टोर येथे १९०५ मध्ये सापडलेल्या प्रकाराला मात्र बराच काळ खरा पटकीकारक मानले गेले नाही; १९६१ पासूनची सातवी महासाथ त्यानेच पसरवली.

रोग नेमका होतो कसा, हे शंभुनाथ डे यांनी दाखवले. सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जिवाणू सोडले की तो पाण्याने फुगतो. १९५९ मध्ये त्यांनी जिवाणू गाळून काढलेला नुसता द्रव सोडला, तरीही आतडे फुगले. म्हणजे दोष जिवाणूने बाहेर टाकलेल्या विषाचा. या विषाचा एक 'अ' भाग आणि पाच 'ब' भाग असतात. 'ब' पेशीला चिकटतात, 'अ' आत शिरून सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू वाढवतो आणि क्लोराइडपाठोपाठ पाणी बाहेर वाहते. डे यांच्या कामाचे मोल हयातीत फारसे झाले नाही, याची खंत वाटते.

१९९२ मध्ये चेन्नई, कोलकाता आणि बांगलादेशात अस्सल पटकीची साथ आली, पण जिवाणू ओ-१ च्या सीरमला दाद देईना. तोवर ठाऊक असलेल्या १३८ गटांत तो बसला नाही; म्हणून ओ-१३९. १९९६ मध्ये वॉल्डॉर आणि मेकालानोस यांनी उलगडा केला: विषाची जनुके जिवाणूत शिरणाऱ्या एका फेजची, म्हणजे जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूची असतात. आवरण जिवाणूचे, विष फेजचे. त्यामुळे गटावरून रोगक्षमता ठरवणे धोक्याचेच.

प्रयोगशाळेत नमुना आधी पीएच ८.६ च्या अल्कधर्मी पेप्टोन पाण्यात (जिवाणू वाढवण्याच्या पोषक द्रवात) ६ ते ८ तास ठेवतात. जास्त ठेवला तर इतर जिवाणू वरचढ होतात. नंतर टीसीबीएस या व्हिब्रिओ निवडून वाढवणाऱ्या माध्यमावर सुक्रोज आंबवून पिवळ्या वसाहती येतात. त्याच वसाहतीवर ऑक्सिडेज (जिवाणू ओळखण्यास मदत करणारे एक विकर) चाचणी केल्यास आम्लामुळे खोटे नकारार्थी उत्तर येते. म्हणून ती आधी साध्या अगारवर (सुक्रोज नसलेल्या घट्ट पोषक माध्यमावर) उतरवून घ्यावी लागते. ओ-१ आणि ओ-१३९ दोन्ही सीरम लावावीत, आणि विषाच्या जनुकासाठी पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून जनुक शोधणारी चाचणी) वेगळा करावा.