सशाचं पुरुमेंत

एप्रिल-मे आला की गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी वाळवून-खारवून साठवायच्या बेगमीची, गडबड सुरू होते, अंगणात सोलं वाळत असतात, मिरच्या, पापड, मिठात घातलेली तोरं (छोट्या कैऱ्या), आणि गेली तीन वर्षं त्यांच्या बाजूला एका जुन्या चादरीवर गवत पण वाळत असतं. ते आमच्या सशाचं. बघणाऱ्यांना गंमत वाटते, पण माझ्या मते सशाच्या खाण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, बाकी सगळं नंतर.

आम्हाला पण आधी माहीत नव्हतं. ससा म्हणजे गाजर, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. त्यामुळे रोज एक अख्खं गाजर, आणि सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला की पोळ्यांचा (गोव्याच्या पावाचा) एक तुकडा, कारण तो ते आवडीने खायचा. पहिल्याच पावसात एक दिवस तो कोपऱ्यात अंग आखडून बसला, काही खाईना, लेंड्या पण बंद. डॉक्टरांकडे नेला तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, गवत किती खातो? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

तर हे गवत कशासाठी ते सांगतो. सशाच्या पोटात आंधळं आतडं नावाची एक मोठी पिशवी असते, त्याच्या पचनमार्गात जेवढं अन्न असतं त्यातलं जवळपास ४० टक्के तिथेच असतं. तिथे करोडो जिवाणू राहतात आणि इडलीचं पीठ आंबावं तसं ते खाल्लेलं आंबवतात. पण सगळं तिथे जात नाही. मोठं आतडं आधी निवड करतं, गवताचे जाड धागे पुढे ढकलून कोरड्या गोल लेंड्या करून बाहेर टाकतं आणि बारीक चुरा उलटा मागे त्या पिशवीत पाठवतं. हे जाड धागे पचत नाहीत, पण तेच आतडं हलतं ठेवतात. ते कमी पडले की आतडं मंद होतं, वर पाव-बिस्किटातला स्टार्च आणि गाजर-केळ्यातली साखर त्या पिशवीत पोचली की चुकीचे जिवाणू वाढतात आणि गॅस धरतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं त्याच रस्त्याने पुढे जायला हवं. म्हणूनच ससा १०-१२ तास काहीच खात नसेल तर उद्या बघू म्हणायचं नाही, लगेच न्यायचा. आणि घरातली माणसांची औषधं तर अजिबात नको, अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक तोंडावाटे दिलं तर चांगले जिवाणू मरतात आणि त्यात ससा दगावू शकतो.

एक दिवस पहाटे आई म्हणाली, "अरे हा बघ, स्वतःचीच घाण खातोय!" मी वाकून बघितलं तर तो मान पोटाखाली घालून काहीतरी थेट तोंडात घेत होता. एक खाली पडलं होतं, बारीक द्राक्षांचा घोस असतो ना तसं, मऊ, काळपट, चकचकीत. ही नेहमीची लेंडी नव्हे. जिवाणूंनी तयार केलेली प्रथिनं आणि बी, के जीवनसत्त्वं त्यात भरलेली असतात आणि ससा ती परत खाऊन दुसऱ्यांदा पचवतो. गाय रवंथ करते, ससा हे करतो. त्यामुळे त्याला अडवायचं नाही. उलट हे मऊ घोस रोज पडून राहायला लागले तर समजायचं की गोड नाहीतर पेलेट (सशाचं विकतचं दाणेदार खाणं) जास्त होतायत.

दातांचं पण तसंच. सशाला २८ दात आणि ते आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. गवत आडवं रगडून चावताना ते झिजतात, मऊ पावाने नाही झिजत.

म्हणून ताटातला ८० ते ८५ टक्के भाग सुकं गवत, दिवसभर समोर असलेलं. टिमोथी नावाचं सुकं गवत ऑनलाइन मिळतं पण महाग पडतं, आपल्याकडे दूर्वा म्हणजे हरळी त्याला चांगली चालते. आम्ही वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) शेताच्या बांधावरून आणतो, तिथे फवारणी होत नाही हे विचारून घेतलंय, रस्त्याकडेचं आणत नाही. भाताचा पेंढा अंथरायला छान पण त्यात पोषण फार कमी. लसूणघासात (हा गुरांचा चारा, लसूण नव्हे) कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त, म्हणून तो ६ महिन्यांच्या आतल्या पिल्लांनाच. सशाचं शरीर जेवणातलं जादा कॅल्शियम पण शोषून घेतं आणि मग लघवीतून बाहेर टाकतं, लघवी सतत खडूसारखी दाट पांढरी यायला लागली तर लक्ष द्यायचं. तांबडी भाजी (लाल माठ) आणि शेवग्याचा पाला पण याच कारणाने कधीतरीच. रोजच्याला कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला आलटून पालटून. पेलेट मोठ्या सशाला किलोमागे २५ ग्रॅमच्या आसपास पुरे, गाजर अंगठ्याच्या पेराएवढं. कांदा, लसूण, अवोकाडो, चॉकलेट कधीच नाही. पाणी बाटलीपेक्षा जड वाडग्यात ठेवा, तो जास्त पितो.

घरातला ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, तिथल्या कोरड्या माळावरचं गवत खाणारा. आपल्याकडे जुलैत हवेत ८०-९० टक्के दमट, उघड्या गवताला आठवड्यात बुरशी येते आणि ती त्याच्या पोटाला आणि फुफ्फुसाला दोन्हीला वाईट. त्यामुळे गवत दोन-तीन कडक उन्हं दाखवून, हातात कुस्करल्यावर कुरकुर वाजेपर्यंत वाळवायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करायचं, गरम भरलं तर आत घाम धरतो. पावसात डबा उघडला की मी आधी वास घेतो, चहापत्तीसारखा गोडसर आला तर ठीक, कुबट आला तर वरचा थर सरळ फेकतो आणि खालचं पण एकेक मूठ तपासून घेतो. यंदाचा डबा चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, पुरेल असं दिसतंय, आणि तोवर बाजारात दूर्वांच्या ताज्या जुड्या येतात, त्या धुवून, निथळवून, थोड्या थोड्या वाढवत द्यायच्या.