धावणाऱ्याच्या बाटलीत काय असावं?

१९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तिथल्या काही डॉक्टरांनी शर्यत संपल्या संपल्या धावपटूंचं रक्त तपासलं. रक्तातली साखर उतरवणाऱ्या इन्शुलिनचा शोध लागून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. रक्तातली साखर घसरली की माणसाची काय अवस्था होते, हे डॉक्टरांना नुकतंच कळू लागलं होतं. पांढराफटक चेहरा, गळून गेलेलं अंग, भांबावलेलं मन अशी ती लक्षणं. शेवटाला कोलमडलेल्या धावपटूंमध्ये नेमकं तेच दिसत होतं आणि त्यांची साखरही तशीच खाली गेली होती. पुढच्या वर्षी याच डॉक्टरांनी काही धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खायला सांगितले आणि धावताना गोड गोळ्या चघळायला दिल्या. त्यांची साखर टिकली आणि ते बऱ्याच चांगल्या अवस्थेत शर्यत पुरी करू शकले.

याला शंभर वर्षं झाली. आज कुठल्याही मोठ्या शर्यतीचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायला गेलं की पावडरी, गोळ्या आणि जेलचे स्टॉल ओळीने मांडलेले दिसतात. लांब पल्ल्यासाठी त्यातलं सगळ्यांत भरवशाचं काय, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर अजूनही साखर हेच आहे. महागड्या जेलमध्येही मुळात तीच असते.

कारण साध्या हिशोबात आहे. ६५ किलो वजनाच्या माणसाला ४२.२ किलोमीटर धावायला साधारण २,७०० कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, जो साठा असतो, तो सुमारे २,००० कॅलरींचा. चरबी मात्र मुबलक असते. अंगावर १० किलो चरबी धरली तरी ७०,००० च्या वर कॅलरी होतात. पण चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजनही जास्त लागतो. म्हणून ग्लायकोजेन संपत आलं की पाय चालतात, पण वेग उरत नाही. मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतरात पेडर रोडचा परतीचा चढ वर्षानुवर्षं तिसाव्या किलोमीटरनंतरच आला आहे. तिथे चालत निघालेल्या अनेकांचे पाय दमलेले असतात त्याहून जास्त रिकामे झालेले असतात.

हा साठा वाढवता येतो, हे स्वीडनमध्ये सिद्ध झालं. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन संशोधकांनी १९६६ मध्ये केलेला प्रयोग मला फार आवडतो. दोघं एकाच व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने, तो पार थकेपर्यंत, पॅडल मारलं. दुसरा पाय आराम करत होता. पुढचे तीन दिवस दोघांनी पिष्टमय आहार घेतला आणि जाड सुई टोचून स्वतःच्याच दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे तुकडे तपासले. अन्न तेच, रक्त तेच, पण दमवलेल्या पायात ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट भरलं होतं. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन दिवस भात, पोळी, बटाटा वाढवायचा आणि धावणं कमी करायचं, या सल्ल्याचं मूळ या संशोधनात आहे.

तरीही साठा अपुराच पडतो, म्हणून धावतानाही खावं लागतं. इथे अडचण पोटाची. ग्लुकोज आतड्यातून आत नेणारी प्रथिनं तासाला साधारण ६० ग्रॅमला तुंबतात. त्याहून जास्त घेतलं तर ते आतड्यातच पडून राहतं आणि मग मळमळ, मुरडा, जुलाब. फ्रुक्टोजची वाट मात्र वेगळी आहे. दोन्ही एकत्र घेतले तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत वापरता येतात, हे बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या प्रयोगांनी दाखवलं. आपली घरातली साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. अर्धा लिटर पाण्यात आठ सपाट चमचे, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम साखर, लिंबू आणि चिमूटभर मीठ घातलं की चांगलं पेय तयार होतं. तासाभरात ती बाटली आणि सोबत एक केळं पोटात गेलं तर ६० ग्रॅमच्या आसपास होतात. मधुमेह असेल तर मात्र हे गणित डॉक्टरांसोबतच मांडायला हवं. आतड्यालाही सवय लावावी लागते, तेव्हा रविवारच्या लाँग रनला हेच सगळं घेऊन पाहावं. शर्यतीच्या दिवशी नवा प्रयोग नको.

साखरेची आणखी एक गंमत २००४ मध्ये पुढे आली. तासाभराच्या जोरदार सायकलिंगमध्ये पिष्टमय द्रावणाने नुसती चूळ भरून थुंकली, तरी वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारली. ग्लुकोज थेट शिरेतून दिलं तेव्हा काहीच फरक पडला नव्हता. म्हणजे तोंडातून मेंदूला ‘अन्न येतंय’ असा निरोप जातो आणि मेंदू हात सैल सोडतो.

साखरेपलीकडे खरा पुरावा असलेली नावं मोजकीच. कॅफिन त्यातलं एक. वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम, तासभर आधी, एवढं बहुतेकांना पुरतं. दुसरं बीट. इंग्लंडमधल्या एक्सिटर विद्यापीठात २००९ मध्ये रोज अर्धा लिटर बीटचा रस सहा दिवस दिल्यावर, दमून थांबेपर्यंतचा सायकलिंगचा वेळ १६ टक्क्यांनी वाढला. प्रत्यक्ष शर्यतीत फरक पडला तर एक-दोन टक्क्यांचा, आणि कसलेल्या धावपटूंमध्ये त्याहूनही कमी. बीटमधल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात ते आपल्या जिभेवरचे जीवाणू, आणि पुढे शरीरात त्याचं रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड होतं. सकाळी जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली की हे जीवाणू मरतात आणि रसाचा बराचसा उपयोग तिथेच संपतो.

व्हिटॅमिन सी आणि ई च्या मोठ्या डोसबद्दल मला आवर्जून सांगायचंय, कारण ‘घेतलं तर काय बिघडलं’ म्हणून त्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. व्यायामात तयार होणारे ऑक्सिडंट्स हाच स्नायूंना बदलण्याचा एक इशारा असतो, आणि सी-ई नेमके तेच ऑक्सिडंट्स शमवतात. जर्मनीतल्या २००९ च्या अभ्यासात रोज १,००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्या तरुणांमध्ये व्यायामाने इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांचा सुधारला. नॉर्वेतल्या २०१४ च्या अभ्यासात अशा गोळ्यांमुळे स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रियाशी, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांशी, संबंधित बदल मंदावले, पण ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत सारखीच वाढली. म्हणजे वेग बुडाला असं म्हणता येत नाही, पण फायदाही दिसला नाही. आवळा, पेरू, संत्रं खुशाल खा. त्या डोसाशी त्यांची तुलनाच नाही.

लोहाचा विषय मात्र वेगळा, कारण ते वेग वाढवायला घ्यायचं नसतं, कमतरता भरून काढायला घ्यायचं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात धावणं आलं की भर पडते. पाळीतून लोह जातं, घामातून थोडं जातं, तळपाय आपटून काही तांबड्या पेशी फुटतात. शिवाय जोरात धावल्यानंतर काही तास हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं राहतं आणि ते आतड्यातून लोह आत घेणं रोखतं. महिनोन्‌महिने सराव करूनही वेळ सुधारत नसेल, साध्या चढाला धाप लागत असेल, तर मैत्रिणींनो, स्वतःला आळशी म्हणण्याआधी रक्त तपासा. नुसतं हिमोग्लोबिन पुरेसं नाही. ते ठीक असतानाही लोहाचा साठा रिता असू शकतो, म्हणून तो साठा दाखवणारं फेरिटिनही तपासून घ्या. ते कमी निघालं तर डॉक्टर गोळी देतील. ती चहासोबत घेऊ नका, कारण चहा लोह शोषू देत नाही. झुरिकमध्ये लोह कमी असलेल्या स्त्रियांवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात रोजच्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोह जास्त शोषलं गेलं, तेव्हा डॉक्टरांना तेही विचारा. आणि चाचणी न करता कुणीच, विशेषतः पुरुषांनी, लोहाची गोळी सुरू करू नये. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, ते यकृतात साचत जातं.