‘पोस्ट’: स्पेलिंग एक, शब्द तीन

पोस्टात पत्र टाकणे, फेसबुकवर पोस्ट टाकणे, नांदेडला पोस्टिंग होणे, पोस्टमॉर्टेम. हे सारे एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ असावेत असे वाटते. प्रत्यक्षात इथे तीन वेगळे लॅटिन शब्द आहेत आणि इंग्रजीत त्यांचे स्पेलिंग सारखे झाले आहे.

पहिला ‘पोस्टिस’, म्हणजे उभा खांब. गोलपोस्ट, लॅम्पपोस्ट त्यातले. जाहीर सूचना खांबांवर डकवत, म्हणून डकवण्यालाच ‘पोस्ट करणे’ म्हणू लागले. ‘पोस्टर’ त्यातूनच आले. १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत वॉर्ड क्रिस्टन्सन आणि रँडी स्यूस यांनी संगणकावर सूचनाफलक सुरू केला. अशा फलकांवर संदेश लावण्यालाही तोच शब्द लागला. त्यामुळे फेसबुकच्या पोस्टचा पूर्वज टपाल नव्हे, खांब आहे.

दुसरा शब्द ‘पोनेरे’, म्हणजे ठेवणे, नेमणे. यावरून इटालियनमध्ये ‘पोस्तो’ म्हणजे नेमलेली जागा. सैन्याची चौकी आणि नोकरीतले पद या अर्थांचे मूळ ते. ‘पोस्ता’ म्हणजे वाटेवर नेमलेले ठाणे. १४९० पासून टॅक्सिस घराण्याने पुढे सम्राट झालेल्या मॅक्सिमिलियनसाठी ऑस्ट्रियातले इन्सब्रुक ते आजच्या बेल्जियममधले मेकेलेन अशी डाक चालवली. ठाण्याठाण्यावर घोडा आणि स्वार बदलत. ठाण्याचे नाव आधी स्वाराला आणि पुढे तो नेत असलेल्या पत्रांना मिळाले.

हिशेबातले ‘पोस्टिंग’ म्हणजे आपली खतावणी: किर्दीतली, म्हणजे रोजच्या नोंदवहीतली, नोंद खातेवहीत नेणे. ‘कीप मी पोस्टेड’ हा प्रयोगही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या खतावणीवरून रूढ झाला: वही जशी अद्ययावत ठेवायची, तशी माणसालाही ताजी माहिती द्यायची. त्याचे भाषांतर ‘पत्र पाठवत राहा’ असे करू नये, ‘कळवत राहा’ हेच बरोबर.

तिसरा ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. पोस्टमॉर्टेम, पोस्ट-ग्रॅज्युएट, पुढची तारीख घातलेला पोस्टडेटेड चेक. पोस्टमार्क मात्र टपालाचा.

खरा घोळ ‘पोस्टपेड’मध्ये आहे. कंपनीच्या काळात पाठवणाऱ्याने हशील आधीच भरले असेल, तर पत्रावर ‘पोस्ट पेड’ असा शिक्का पडे. १ ऑक्टोबर १८५४ पासून भारतात पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा पडू लागला. तिकीट न लावलेल्या ‘नॉटपेड’ पत्राचे दुप्पट पैसे घेणाऱ्याला भरावे लागत. म्हणजे पत्रावरचे ‘पोस्टपेड’ आधी पैसे भरल्याचे सांगते आणि मोबाइलचे ‘पोस्टपेड’ नंतर भरायचे असल्याचे. पार्सलवर हा शब्द दिसला, तर टपालखर्च चुकता झालेला आहे.

मराठीने हा भेद लिंगातून बराच सांभाळला आहे. कचेरी असेल तर ‘ते पोस्ट’, ‘पोस्टात’. फेसबुकवरचा मजकूर किंवा नोकरीतली रिकामी जागा असेल तर ‘ती पोस्ट’.