रक्तात जंतू सापडणं वेगळं, सेप्सिस होणं वेगळं

डॉक्टर बाहेर येऊन म्हणतात "रक्तात इन्फेक्शन आहे" आणि आपण लगेच गावाकडं फोन लावतो की आबांना सेप्टिक झालं. आपल्या मराठवाड्यात हे दोन्ही एकच धरतात, पण तसं नाही, आणि घरात शुगरचा, डायलिसिसचा नाहीतर केमो चालू असलेला पेशंट असेल तर हा फरक कळायलाच पाहिजे.

रक्तात जिवंत बॅक्टेरिया सापडले की तो बॅक्टेरेमिया, आणि तो कळतो ब्लड कल्चरवर, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतात का ते बघायच्या तपासणीवर. दात काढल्यावरसुद्धा थोडे जंतू रक्तात जातात, धडधाकट माणसाचं शरीर ते साफ करतं, त्याला पत्ताही लागत नाही. सेप्सिस कल्चरच्या कागदावर नसतो, तो पेशंटवर दिसतो. इन्फेक्शनशी लढता लढता शरीराचाच ताळ सुटतो आणि किडनी, फुफ्फुस, मेंदू बिघडायला लागतात, २०१६ पासून डॉक्टर लोकांची व्याख्याच ही आहे. त्याला रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत असं काही नाही, कल्चर निगेटिव्ह आणि पेशंट आयसीयूत, असं पुष्कळदा होतं.

जुना आजार असला की पहिल्यातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही. डायलिसिसवाल्याच्या मानेत बऱ्याचदा कॅथेटर, म्हणजे शिरेत घातलेली नळी, असतो, मशीन सुरू झालं की थोड्या वेळात माणूस थडथड कापायला लागतो, दोन-दोन ब्लँकेट टाकले तरी थांबत नाही, आणि सोबतचे म्हणतात एसी लई थंड आहे. तो एसी नसतो बऱ्याचदा, कॅथेटरमधले जंतू रक्तात चाललेले असतात, तिथल्या तिथं सिस्टरला सांगा. शुगरवाल्याचं पायापासून सुरू होतं. रानात धसकट टोचलं तरी पायाला कळत नाही, जखम काळी पडते तेव्हा घरच्यांचं लक्ष जातं.

म्हाताऱ्या माणसाला तर ताप येईलच असंही नाही, उलट अंग गार पडतं. बडबडायलेत, माणसं ओळखंनात, धाप लागली, लघवी कमी झाली, वरचं बीपी १०० च्या खाली, यातलं काही दिसलं की सकाळची वाट बघू नका. केमोवाल्याला नुसता १००.४ ताप आला तरी रात्रीच निघा.

आता रिपोर्टचं. कल्चर शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगवेगळ्या जागेहून घेतात, कारण एकाच बाटलीत स्टॅफ एपिडर्मिडिस नावाचा जंतू आला तर तो बहुतेक कातडीवरून बाटलीत आलेला असतो, रक्तातला नसतो. स्टॅफ ऑरियस हा जंतू मात्र एका बाटलीत आला तरी सोडायचा नसतो, कमीत कमी २ आठवडे शिरेतून औषध लागतं, पेशंट हिंडायला-फिरायला लागला तरी. "आता बरंय, डिस्चार्ज द्या" म्हणून मागं लागू नका.

कल्चर बाटली ५ दिवस ठेवतात, सेप्सिसचा इलाज तोवर थांबत नाही, पेशंट शॉकमध्ये, म्हणजे बीपी फार पडलेला, असला तर अँटिबायोटिक पहिल्या तासात जायला पाहिजे. तालुक्याहून लातूरला नाहीतर संभाजीनगरला हलवताना कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं ते चिठ्ठीवर लिहून घ्या, तिथल्या डॉक्टरला पहिलं तेच विचारायचं असतं.