परदेशात एमबीबीएस: पैसे भरण्याआधी कोणते कागद तपासायचे

नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेडच्या हॉटेलांतून सेमिनार सुरू होतात. दारातच बॅनर असतो, 'एनएमसी मान्यताप्राप्त विद्यापीठ'. तो वाचूनच पालक निम्मे निश्चिंत होतात. म्हणून पहिल्यांदा हेच सांगते: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, परदेशातल्या मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी काढत नाही. आयोगाने जाहीर सूचना काढून तसे सांगितलेही आहे. आयोग बघतो ते तुमचे शिक्षण नियमात बसते की नाही, आणि बघतो तुम्ही पदवी घेऊन परत आल्यावर. तोवर सहा वर्षे गेलेली असतात आणि बऱ्याच घरांत शेत किंवा सोने गहाण पडलेले असते. त्यामुळे ही तपासणी जाण्याआधी आपली आपणच करायची.

सगळा हिशेब १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांवर चालतो. त्यानंतर परदेशात प्रवेश घेणाऱ्याचा अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, आणि वर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत झालेली हवी. शिकवण्याचे माध्यम इंग्रजी हवे. पूर्ण शिक्षण भारताबाहेर आणि एकाच संस्थेत व्हायला हवे. प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत सगळे संपायला हवे. आणि ती पदवी घेतल्यावर त्या देशाच्या नागरिकाला डॉक्टरकीचा जो परवाना मिळतो, त्याच परवान्यासाठी तुम्हीही पात्र असायला हवे. यातली एक अट जरी चुकली, तरी बाकीच्या पाळून उपयोग नाही.

५४ महिन्यांची अट सर्वांत जास्त नडली ती फिलिपिन्सला गेलेल्या मुलांना. तिथे आधी बीएस आणि मग चार वर्षांचे एमडी (तिथली मूळ वैद्यकीय पदवी, आपल्याकडच्यासारखी पदव्युत्तर नव्हे) अशी रचना आहे. बीएस हा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, तो यात धरला जात नाही. उरतात ४८ महिने. एजंट दोन्ही मिळून साडेपाच-सहा वर्षे सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते पुरेसे वाटते. कुठल्याही देशाबद्दल 'एकूण किती वर्षे' असे विचारू नका. वैद्यकीय विषयांचे महिने किती आणि इंटर्नशिपचे महिने किती, हे वेगवेगळे लिहून मागा.

परवान्याच्या अटीकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. चीनचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये बीजिंगच्या भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांसाठी सविस्तर सूचना काढली. इंग्रजीतून वैद्यकीय शिक्षण द्यायला चीन सरकारने ठरवून दिलेली ४५ विद्यापीठे आहेत, त्यांतच प्रवेश घ्या, आणि नोव्हेंबर २०२१ नंतर गेलेल्यांना चीनमधला परवाना मिळवता आला नाही तर भारतातली स्क्रीनिंग परीक्षा, म्हणजे परदेशी पदवीवर इथे डॉक्टरकी करण्याआधी द्यावी लागणारी परीक्षा, देता येणार नाही, असे त्यात स्पष्ट होते. त्याच सूचनेत एक आकडा होता: २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेल्या ४०,४१७ जणांनी ही परीक्षा दिली, पास झाले ६,३८७. हा आकडा मी पालकांना कागदावर लिहून दाखवते. बोलून सांगितला तर विश्वास बसत नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचे ऑफर लेटर आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरून वाचले. दोन पानी, वर सोनेरी शिक्का. तिच्या हातात पेन्सिल दिली आणि फक्त कालावधी, भाषा, इंटर्नशिप आणि प्रशिक्षणाची जागा शोधायला सांगितले. तिसऱ्या मिनिटाला ती थांबली. खाली बारीक अक्षरात होते, 'क्लिनिकल रोटेशन भारतातील संलग्न रुग्णालयात'. म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण भारतात. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, 'ताई, सोयच आहे ना, मुलगी घराजवळ राहील.' त्या एका ओळीने 'पूर्ण शिक्षण भारताबाहेर' आणि 'एकाच संस्थेत' या दोन्ही अटी मोडत होत्या. भाचीने पेन्सिलीने त्या ओळीभोवती गोल केला आणि लेटर घडी घालून ठेवून दिले. ऑनलाइन वर्ग किंवा मध्येच दुसऱ्या विद्यापीठात बदली, ही आश्वासनेही याच जातीची. युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर २०२२ मध्ये तिथल्या मुलांसाठी दुसऱ्या संस्थेत शिकण्याची खास सवलत निघाली होती. तिच्याकडे बोट दाखवून कुणी आता बदलीचे वचन देत असेल तर ऐकू नका.

'वर्ल्ड डिरेक्टरीत नाव आहे' हेही खूप ऐकू येते. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये कॉलेजचे नाव जरूर शोधा, नसेल तर विषय तिथेच संपवा. पण तिथली नोंद म्हणजे मान्यता नव्हे, हे ती डिरेक्टरीच सांगते. नाव सापडल्यावर त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावरचे इशारे वाचा. मग तिथल्या परवाना देणाऱ्या संस्थेला ईमेल करा: ही पदवी घेतलेल्या भारतीयाला तुमच्या नागरिकासारखाच परवाना मिळतो का? उत्तर आले तर त्याची प्रिंट काढून फाइलला लावा. उत्तर आले नाही, तर मी तरी पैसे भरणार नाही.

आता पात्रता. नीट-यूजी पास असल्याशिवाय परदेशी पदवीवर भारतात डॉक्टरकी करता येत नाही. २०१८ पासून हा नियम आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. खुल्या वर्गाला ५० पर्सेंटाइल, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना ४०. पर्सेंटाइल म्हणजे गुणांचे टक्के नव्हेत, तर परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के तुमच्या मागे आहेत ते; म्हणून दरवर्षी त्याचे गुण बदलतात. परदेशी प्रवेशासाठी हा निकाल तीन वर्षे चालतो. 'आधी जा, नीट नंतर देऊ' असे सांगणाऱ्याचा नंबर डिलीट करा.

कागदांत पासपोर्ट, नीटचे स्कोअरकार्ड, दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके आणि प्रमाणपत्रे, जन्मदाखला, वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि विद्यापीठाचे प्रवेशपत्र लागते. देशाप्रमाणे थोडी भर पडते. अडचण येते ती नावात. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर क्रम वेगळा. क्रमाचे निभावते, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जरी इकडचे तिकडे असेल तर ते पासपोर्ट काढतानाच जुळवून घ्या. बहुतेक देश अपॉस्टिल मागतात, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. त्याआधी शैक्षणिक कागद राज्य सरकारकडून साक्षांकित करून घ्यावे लागतात. निकालानंतर गर्दी होते, म्हणून बारावीची गुणपत्रिका हातात पडताच कामाला लागा. मूळ कागद एजंटकडे ठेवायला देऊ नका, आणि फी विद्यापीठाच्याच खात्यात भरा.

परत आल्यावर एफएमजीई ही स्क्रीनिंग परीक्षा. वर्षातून दोनदा, ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, चुकीला गुण वजा नाहीत. तरीही बहुतेक सत्रांत निम्म्याहून बरेच कमी विद्यार्थी पास होतात. त्याचे एक कारण पेशंटची भाषा. वर्ग इंग्रजीत चालतो, पण खाटेवरचा माणूस रशियन, किरगीझ किंवा जॉर्जियन बोलतो. ती भाषा पहिल्या वर्षापासून मनापासून शिकलेली मुले वॉर्डात खरे काम शिकतात, बाकीची कोपऱ्यात उभी राहतात.

परीक्षा पास झाली की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी आणि मग इथल्या रुग्णालयात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. परदेशातून आलेल्यांसाठी या जागा मर्यादित असतात, त्यामुळे नंबर लागायला वेळ गेला तर तोही धरून चाला. नोंदणीच्या वेळी तुम्ही खरोखर तिथे राहून शिकलात का, हे पासपोर्टवरच्या येण्याजाण्याच्या शिक्क्यांवरून पाहिले जाते. मधल्या काळात पासपोर्टचे नूतनीकरण झाले असेल, तर जुना पासपोर्टही त्याच फाइलमध्ये जपून ठेवा.