प्रवाहावस्था

हातातल्या कामात माणूस इतका रंगून जातो की वेळेचे, भुकेचे आणि स्वतःचेही भान उरत नाही, आणि ते काम करत राहण्यातच त्याला त्याचे फळ मिळते, अशी मनःस्थिती. सकारात्मक मानसशास्त्रातील (माणसाचे जगणे कशाने समाधानाचे होते, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेतील) ही एक मध्यवर्ती संकल्पना आहे. इंग्रजीतील ‘फ्लो’साठी ‘तल्लीनता’ हा शब्द जवळचा वाटतो. पण तल्लीन होऊन नाटकही पाहता येते. प्रवाहावस्थेत स्वतः काहीतरी कौशल्याने करणे अभिप्रेत असल्याने येथे हा वेगळा शब्द स्वीकारला आहे.

संकल्पनेचे जनक मिहाय चिक्सेंटमिहायी (1934–2021) हे हंगेरियन वंशाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. 1960च्या दशकात शिकागोतील कलाविद्यार्थ्यांचा अभ्यास करताना त्यांना एक गोष्ट खटकली. चित्र रंगत असेतो विद्यार्थ्याला तहानभूक नसे; तेच चित्र पुरे झाले की ते भिंतीला टेकवून तो नव्या कॅनव्हासकडे वळे. मोबदला वा प्रसिद्धी यांनी याचा उलगडा होईना. पुढे गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद अशांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी ‘प्रवाहाबरोबर वाहत गेल्यासारखे’ अशी उपमा आपणहून दिली. संज्ञा तिथून आली. सिद्धांताची पहिली सविस्तर मांडणी 1975ची. कल्पनेचे मूळ मात्र त्याहून मागे नेता येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांच्या ‘शिखरानुभवा’शी, म्हणजे उत्कट आनंदाच्या क्षणाशी, तिचे नाते सांगितले जाते. तथापि शिखरानुभव क्वचित येतो आणि कृतीविनाही येऊ शकतो, हे पाहता जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर यांची ‘कार्यानंदा’ची, म्हणजे कृती करण्यातच मिळणाऱ्या आनंदाची, कल्पना अधिक जवळची मानावी लागते.

स्पष्ट उद्दिष्ट, केलेले बरोबर की चूक हे लगेच कळणे आणि आव्हान व कौशल्य यांचा मेळ, या तीन पूर्वअटी सांगितल्या जातात. कातळावर चढणाऱ्याला पुढची खाच दिसत असते आणि बोट निसटले तर तत्क्षणी कळते. पहिल्या दोन अटींविषयी फारसे दुमत नाही. वाद तिसरीविषयी आहे. मूळ आराखडा सोपा होता: आव्हान जड झाले तर चिंता, हलके झाले तर कंटाळा, दोन्ही जुळले तर प्रवाह. परंतु 1970च्या दशकात पेजर देऊन, दिवसभरात तो अवचित वाजेल तेव्हाची मनःस्थिती नोंदवून घेण्याची पद्धत सुरू झाली आणि अडचण उघड झाली. सोपे काम आणि बेताचे कौशल्य यांचाही मेळ बसतो, पण तिथे प्रवाह नसून औदासीन्य आढळते. म्हणून मिलानच्या फाउस्टो मासिमिनी व मास्सिमो कार्ली यांनी 1980च्या दशकात अट बदलली: दोन्ही बाबी त्या व्यक्तीच्या स्वतःच्या सरासरीहून वर हव्यात. त्यातून आठ मनःस्थितींचा आराखडा झाला. इंटरनेटवर बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या 2012च्या अभ्यासात तर बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा थोड्या वरचढ प्रतिस्पर्ध्याशी खेळताना जास्त मजा आल्याचे दिसले. अर्थात मजा म्हणजे प्रवाह नव्हे. तरीही ‘समतोल’ हा शब्द जपूनच वापरावा, हे मत ग्राह्य वाटते.

योगाशी असलेले साम्य स्वतः चिक्सेंटमिहायी यांनी नोंदवले आहे. पतंजलींनी ध्यानाला ‘प्रत्ययैकतानता’ (एकाच विषयाकडे अखंड लागलेले चित्त) म्हटले आणि समाधीत चित्त ‘स्वरूपशून्यमिव’ (जणू स्वतःचे रूप हरपलेले) होते असे सांगितले. स्वभान लोपणे दोन्हींकडे आहे. परंतु योगात चित्तवृत्तींचा निरोध, म्हणजे मनाच्या हालचाली थांबवणे, साधायचा असतो, तर येथे वृत्ती एका कामात पूर्ण जुंपलेली असते. ‘त्याची समाधी लागली’ हे मराठीत गाणाऱ्याविषयीही सहज म्हटले जाते. शास्त्रीय विवेचनात मात्र दोन्ही एक मानू नयेत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या, चांगल्या जगण्याचे पाच घटक सांगणाऱ्या 2011च्या आराखड्यात ही अवस्था ‘गुंतलेपण’ या घटकात येते. ती सुखसंवेदनेहून निराळी ठेवली आहे, कारण प्रवाहात असताना आपण सुखी आहोत का, हे तपासायला मन मोकळेच नसते. आनंद जाणवतो तो नंतर. 1989मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 78 नोकरदारांच्या आठवडाभराच्या नोंदींत प्रवाहाचे बहुतेक क्षण फावल्या वेळात नव्हे, कामावर आढळले. तरीही कामावर असताना ‘दुसरे काहीतरी करावे’ असे त्यांना अधिक वाटत होते.